डबा रिकामा झाला का, हा प्रश्नच चुकीचा

मा. संपादक,


आपल्या पुरवणीतील पाळणाघरांवरचा लेख वाचला. फी, वेळा, कॅमेरे, स्वच्छता या सगळ्यांचा त्यात नीट विचार होता. पण सहा महिने ते दीड वर्षाचं बाळ तिथे जेवतं कसं, याबद्दल एक ओळही नव्हती. पालकांच्या चौकशीतही हा प्रश्न सहसा नसतो, म्हणून हे पत्र.

मी गार्डन रीचमधून लिहिते आहे. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून रेल्वेचं मुख्यालय इथे आहे. आज ते दक्षिण पूर्व रेल्वेचं. शेजारीच जहाजबांधणीचा कारखाना. बदलीवर आलेल्या मराठी घरांना इथे हाकेच्या अंतरावर आजी नसते. 2017च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, हे चांगलंच झालं. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते ती बाळाला वरचं अन्न सुरू करायच्या सुमारास, किंवा त्याच्याही आधी. त्यामुळे उष्टावण मामाच्या हातून घरी झालं तरी जेवायला शिकण्याचं खरं काम पाळणाघरातच होतं.

हल्ली अनेक आया बाळाला आपल्या हातानं खाऊ देतात. वाफवलेल्या भोपळ्याची फोड, उकडलेल्या गाजराचं बोट, इडलीचा तुकडा समोर ठेवायचा. उचलायचं, चोखायचं, टाकायचं ते बाळानं ठरवायचं. ब्रिटनमधल्या आरोग्य-परिचारिका गिल रॅप्ली यांनी ही पद्धत ‘बेबी-लेड वीनिंग’ या नावानं लोकप्रिय केली. घरी हे छान जमतं. पाळणाघरात मात्र डब्यातलं सगळं मिक्सरमधून काढून, बाळाला मांडीवर आडवं घेऊन, मोबाइलवर गाणं लावून पाच मिनिटांत पोटात जातं. संध्याकाळी डबा रिकामा मिळतो आणि आपण खूश होतो.

पाळणाघरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पहिली भीती घशात अडकण्याची. न्यूझीलंडमध्ये दोनशेहून अधिक कुटुंबांवर झालेल्या ‘ब्लिस’ चाचणीत हातानं खाणाऱ्या आणि चमच्यानं भरवलेल्या बाळांमध्ये घशात अडकण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पण तिथे हातानं खाऊ देणाऱ्या पालकांना काय द्यायचं आणि काय टाळायचं हे आधी शिकवलं होतं, हे विसरून चालणार नाही. म्हणजे धोका ठरतो तो काय दिलं, बाळ कसं बसलं होतं आणि लक्ष कुणाचं होतं यावर. अख्खं द्राक्ष, शेंगदाणा, कच्चं गाजर, सफरचंदाची फोड आणि इकडे बंगालमध्ये हमखास हाताशी असणारी कोरडी मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, हे बाळाला कुठल्याच पद्धतीत द्यायचं नाही. मासा द्यायचा तर काटा बोटांनी चाचपून काढलेला. बाळ ओकारीसारखं करतं, खोकतं, तेव्हा ते घास स्वतःच पुढे आणत असतं. खरा धोका आवाज बंद होतो तेव्हा. अशा वेळी तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही. वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली करून धरायचं, खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्यायच्या, मग उताणं करून छातीवर पाच दाब. हे प्रत्येक मासीला, म्हणजे पाळणाघरात बाळं सांभाळणाऱ्या बाईला, यायला हवं, मग पाळणाघरात चमचा चालत असो वा हात.

दुसरी अडचण माणसांची. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक कर्मचारी लागतो. आपल्याकडे एका मासीकडे आठ-दहा बाळं सोपवली जातात. तिला प्रत्येकाच्या सांडलवंडीकडे बघत बसायला वेळ कुठला? यात दोष तिचा नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, हे त्याच 2017च्या दुरुस्तीनं सांगितलं. त्यातली एक फेरी बाळाच्या जेवणाच्या वेळी ठेवली तर एक माणूस आपोआप वाढतो. गल्लीतल्या खासगी पाळणाघरात ही सोय नाही. तिथे फी ठरवताना बाळांमागे माणसं किती, हे विचारायलाच हवं.

तिसरा आक्षेप पोषणाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. नुसती काकडी आणि केळं चोखत ठेवणं हे मुलांचं स्वातंत्र्य नव्हे, ती उपासमार. घट्ट वरण कालवलेल्या भाताचे मऊ मुटके, उकडलेलं अंडं, मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या, मासा असं लोह देणारं काही रोज हवंच. आणि ते पोटात जावं म्हणून मासीनं चार घास चमच्यानं भरवले, तर आईनं पद्धत बाटली म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. पुस्तकातली पद्धत सांभाळण्यापेक्षा बाळ जेवलेलं बरं.

पण तडजोड चमच्यापुरतीच. बाळ ताठ बसलेलं असावं, समोर कुणीतरी असावं, निदान एक पदार्थ त्याच्या हातात असावा आणि त्यानं तोंड फिरवलं की भरवणं थांबावं. या गोष्टींवर तडजोड नको. मिक्सरवरही नको. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, नऊ महिन्यांनंतरच पहिल्यांदा गुठळ्यांचं अन्न मिळालेली मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खाताना आढळली.

यासाठी महागडं सामानही लागत नाही. इथल्या मासींच्या रोजच्या स्वयंपाकात आलू सेद्ध, कुमडो सेद्ध (उकडलेला बटाटा, उकडलेला भोपळा), मऊ भात असतोच. मीठ-मिरची पडण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढला की झालं.

पालकांना विनंती अशी: प्रवेश घेताना काय द्यायचं, काय नाही, हे मासीला कळेल त्या भाषेत, इथे बंगालीत किंवा हिंदीत, कागदावर लिहून द्या. डब्यात निम्मं मऊ कालवलेलं आणि निम्मं हातात धरता येईल असं ठेवा. माखलेल्या कपड्यांची तक्रार करू नका. जास्तीचा जोड द्या. आणि संध्याकाळी ‘डबा संपला का?’ असं विचारणं सोडा. आपण तेच विचारतो म्हणून मासी बाळाच्या तोंडात कोंबते. ‘आज त्यानं हातानं काय खाल्लं?’ असं विचारा. पाळणाघरं पालकांना हवं तेच करतात. आपली मागणी बदलली तर त्यांची पद्धतही बदलेल.

आपली,
एक नोकरदार आई,
गार्डन रीच, कोलकाता