फवारणीनंतरचे घर
२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पुरुषभर वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना सुमारे २० शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चर्चा मृत्यूंचीच झाली. सौम्य विषबाधा मात्र घरातच राहते. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दृष्टी. घरचे म्हणतात, ऊन लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर, आणि फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांसोबत धुण्यात! ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके रक्तातील कोलिनेस्टरेज विकराला निष्क्रिय करतात. हंगामापूर्वी व हंगामात त्याची तपासणी केल्यास घट लक्षात येते. ही सोय ग्रामीण रुग्णालयात हवीच. फवारणीची मात्रा शेतकऱ्याला सांगितली जाते. कपडे वेगळे धुणे आणि दवाखान्यात जाताना कीटकनाशकाचे लेबल सोबत नेणे, हे विस्तार कार्यकर्त्यांनी घरातील स्त्रीलाही सांगावे.