पूर्वजांची छबी, घरच्या प्रिंटरवर

हिमायतनगरचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मेरठजवळील सरधना येथील जैन कुटुंबात जन्मले. सहाव्या निजामांनी त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्यांच्या चित्रांचे सौंदर्य काळ्या-पांढऱ्या रंगांपेक्षा त्यांच्यामधील असंख्य करड्या छटांत आहे. आजोबा-पणजोबांचे किंवा कुंथलगिरीवर १९५५ मध्ये सल्लेखना घेतलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांचे जुने छायाचित्र घरी छापताना नेमक्या याच छटा हरवतात.

त्याचे कारण शाईत आहे. टाकीच्या अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई सूक्ष्म रंगकणांची, म्हणजे पिगमेंट प्रकारची असते, तर निळी, किरमिजी व पिवळी शाई विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे डाय प्रकारची असते. चकचकीत कागदाची निवड करताच असे यंत्र काळी शाई बाजूला ठेवून तीन रंगांच्या मिश्रणातून करडा घडवते. मग चित्रावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. दिवाणखान्यात ठीक भासणारे चित्र अंगणात निराळे दिसते, ते यामुळेच. स्वतंत्र करड्या शाया असलेले महागडे प्रिंटर हा दोष बराच टाळतात. तथापि, मोजक्या चित्रांसाठी तो खर्च करण्याची आवश्यकता नाही. मॅट कागद घ्यावा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्याच कागदाचे नाव निवडावे, ‘ग्रेस्केल’ व ‘हाय क्वालिटी’ हे पर्याय ठेवावेत.

मूळ चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करावे व टिफ स्वरूपात जतन करावे. मॅट कागदावर काळा रंग किंचित फिका उतरतो आणि गडद भागांतील बारकावे एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी चित्राची एक अरुंद पट्टी छापून पाहावी व गडद भाग थोडे उजळावेत. पूर्ण कागद त्यानंतरच वापरावा. छापलेले चित्र चोवीस तास सुकू द्यावे. चातुर्मासातील दमट हवेत अधिक काळ थांबावे. चौकटीची काच कागदाला चिकटू नये, यासाठी मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालावा. उन्हाळ्यात शाई वाळून हेड तुंबते; आठवड्यातून एखादे पान छापत राहावे.

जैन वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दीनदयाळांच्या काळी कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर देत. पुढे त्याची जागा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनच्या जिलेटिनने घेतली. इंकजेट छपाईला या दोहोंची गरज नाही. आज प्रचलित असलेल्या बऱ्याच फोटो-कागदांवर सिलिकासारख्या खनिजांचा थर असतो. काही कागदांत मात्र जिलेटिन असू शकते. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाकडे विचारणा करणे अहिंसाव्रताशी सुसंगत ठरेल.

नवी प्रत भिंतीवर लागली तरी मूळ प्रत टाकून देऊ नये. चित्रातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून नावे, गाव आणि साल नव्या प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे. छटा पुन्हा छापता येतात. विसरलेले नाव कोणताही प्रिंटर परत देत नाही.