दानाची वाटणी

अंबरपेठेत पानाच्या डब्याशी उभी राहून गालात तंबाखू धरणारी आमच्याच वयाची मुले रोज दिसतात. “काही होत नाही हो,” म्हणतात. काय होते, हे शोधायला मात्र कोणीतरी पैसा द्यावा लागतो.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावे न्यास केला. उत्पन्नाचे चार पंचमांश त्या रोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनाला, उरलेला एक भारतातल्या संशोधनाला. दान थोरच, तरी ही वाटणी मला खटकते. टाटांच्याच दानातून १९४१ साली परळला रुग्णालय उभे राहिले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी धोतर घट्ट आवळून कमरेला होणारा त्वचेचा कर्करोग अभ्यासला. लंडनला हा प्रश्न पडला असता काय? आंध्रच्या किनाऱ्यावर कित्येक बायका चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढत आल्या. टाळूचा कर्करोग त्यांनाच गाठतो.

म्हणून हैदराबादच्या धनिकांनी घरोघर हिंडून असल्या नोंदी करणाऱ्या तरुणांना पगार द्यावा. नोंदवहीवर संगमरवरी पाटी बसत नाही, ही अडचण मी जाणतो. सुरुवात आमच्या डब्यापासून करता येईल.