शोकेसमधली बोर्दो

"वाइन जितकी जुनी तितकी भारी" असं ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं, त्याला एकदा मे महिन्यात रसायनीत आणून बसवला पाहिजे. पारा चाळिशीला, दुपारी लाइट गेलेली आणि शोकेसमध्ये भाच्याने परदेशातून आणलेली जुनी बोर्दो. उभी. ट्रॉफी आणि काचेचा ताजमहाल यांच्या मधोमध!

राग याचा येतो की हे इथे होतं. अहो, ज्या गावाचं नावच रसायनांवरून पडलं, तिथली आपण माणसं. कित्येकांची हयात रिअ‍ॅक्टरची तापमानं लॉगबुकात लिहिण्यात गेली. दहा अंश वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट, हा ठोकताळा आपल्याला कोणी शिकवायला नको. मग तोच हिशेब बाटलीला लावा ना. तिकडच्या तळघरात १२-१३ अंशांवर ती वीस वर्षं सावकाश पिकते. टॅनिन एकमेकांना धरून जड होतं, गाळ खाली बसतो, तोंड आवळणारा तुरटपणा उतरतो. आपल्या हॉलमध्ये ३३ अंश, म्हणजे वेग चौपट. बरं, धड पिकतही नाही, नुसती शिजते. फळाचा वास जातो आणि उकडलेल्या मनुकांचा येतो. उभ्या बाटलीचं बूच वाळून हवा आत शिरते ती वेगळीच. कुणीतरी वीस वर्षं सांभाळलेली वस्तू आपण एका उन्हाळ्यात घालवतो आणि वर पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो!

"व्हिंटेज" म्हणजे जुनी, हाही असाच गैरसमज. ज्या वर्षी द्राक्षं तोडली ते वर्ष, एवढाच त्याचा अर्थ. नाशिकच्या बहुतेक लाल वाइन तर दोन-चार वर्षांत पिऊन संपवायच्याच असतात. जपायच्या कोणासाठी? हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद करायचं २०१७ साली ठरलं आणि माणसं पांगली. "रिटायरमेंटला सगळे मिळून फोडू" म्हणणारे आता एका गावात तरी आहेत का?

दुसरीकडे आपली पुस्तकी मंडळी. "रेड वाइन रूम टेंपरेचरलाच!" कुठली रूम? तो नियम युरोपातल्या जुन्या थंडगार घरांचा, १६ ते १८ अंशांचा. आपल्याकडे बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवली तर कोणाचा अपमान होत नाही. "दोन तास श्वास घेऊ द्या" हेही तरुण वाइनसाठी. म्हातारीचा सुगंध तेवढ्यात उडूनही जातो. आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ बसू दे. बूच हळू काढा, जुनं बूच भुगा होतं. मग टॉर्चच्या उजेडात काचेच्या जगमध्ये एका संथ धारेत ओता, गाळ मानेपाशी आला की थांबा. झालं.

सोबत झणझणीत मटण मात्र नको, तिखटापुढे ती गप्प बसते. जानेवारीत पोपटी लावाल तेव्हा काढा. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मसाला न चोपडलेलं चिकन. (यावर काका चिडणार, ठाऊक आहे :) )

आणि अमेरिकेतल्या आत्येभावंडांनो, मे महिन्यात येणार असाल तर बाटलीऐवजी चीज आणा. बाटली आणलीतच तर त्याच रात्री फोडायची, हे आत्ताच सांगून ठेवतो.