माणसाला कोयता म्हणताना

दसरा आटोपला की भूम, वाशी, कळंब, परंडा भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. बाकीचे बिऱ्हाड ऊसतोडीसाठी साखरपट्ट्यातल्या कोप्यांत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको ही दोन माणसे नसतात. दोघे मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्याला, हिशेबही कोयत्याचा. एड्स नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम स्थलांतरित मजुरांना ट्रकचालकांच्या जोडीने ‘ब्रिज पॉप्युलेशन’ म्हणतो, म्हणजे रोग पलीकडे नेणारा पूल. एका वहीत अवजार, दुसऱ्या वहीत पूल!

अशा नोंदीत जगणाऱ्या बाईने ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे सांगावे कुणाला? दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो. मजुरी बुडते आणि वर दंडही अंगावर चढतो. फडात आडोसा नाही, धुण्यापुरते पाणी नाही, पाळीतही मोळी डोक्यावर. औषध मिळालेच तर ते एकटीला. दुखणे नवऱ्याकडून आलेले असेल आणि त्याच्यावर उपचार झाले नाहीत, तर ते पुन्हा उलटते. त्याला निरोध वापरायला सांगणे म्हणजे संशय घेतल्यासारखे. ती सांगत नाही. पुरुषाचे तरी काय? सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचे भेटेल या धास्तीने तो भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्याला गाठतो.

हे सोसणे कुठवर जाते, ते शेजारच्या बीडने दाखवले. त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्या साऱ्याच ऊसतोड करणाऱ्या नव्हत्या. पण दुखण्याला सवड नाही म्हणून अवयवच काढून टाकायचा, हा हिशेब अवजाराच्या दुरुस्तीचा आहे.

तेव्हा आत्मसन्मानावरची व्याख्याने तूर्त राहू द्यावीत. आजारपणाचा खाडा बंद करावा. मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी. कारखान्याच्या तळावर ठरल्या दिवशी डॉक्टर यावा आणि त्याने दोघांनाही तपासावे. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्याला पूर्ण हंगामाची सोय गाव सोडण्याआधीच करून द्यावी. रोज न चुकता घेतलेल्या औषधाने विषाणू दबला, तर तो जोडीदाराला लागत नाही, हेही त्याला कुणीतरी नीट सांगावे. अहवाल गुप्त ठेवणे ही मेहेरबानी नव्हे. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात भेदभावालाही मनाई आहे.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर माणसे परततात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. जिल्हा आरोग्य यंत्रणेने तिथे तपासणीचा तंबू टाकावा, पण त्यावर एड्सची पाटी नको. रक्तदाब, हिमोग्लोबिन, गर्भाशयमुखाची तपासणी आणि त्यातच, संमतीने, एचआयव्हीची चाचणी. कागदावर आधी बाईचे नाव लिहून घ्यावे, नवऱ्याचे नंतर.