तळपायाला तीळ? मग विमान पक्कं!

आमच्या मुकुंदवाडीत अंगावरचा तीळ सगळ्यांना वाचता येतो. शेजारच्या काकूंना, पत्रिकावाल्या गुरुजींना, पार्लरवाल्या ताईंना. दाखवायचा नाही तो फक्त त्वचेच्या डॉक्टरला. तो बिचारा नुसताच शिकलेला!

सामुद्रिकशास्त्राचा थाट बघा. तळहातावर तीळ म्हणजे लक्ष्मी, तळपायावर तीळ म्हणजे परदेशयोग. आता गंमत ऐका. मेलानोमा, म्हणजे तिळाचं सोंग घेणारा त्वचेचा घातक कर्करोग, आपल्याकडे दुर्मीळ. पण झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. म्हणजे गुरुजींना जिथं विमान दिसतं, नेमका तिथंच! प्रवासाचा योग खोटा नाही म्हणा. मुकुंदवाडी ते घाटी रुग्णालय, घाटी ते आमखास मैदानाजवळचं कर्करोग रुग्णालय. व्हिसा लागत नाही, केसपेपर लागतो.

‘सावळ्या कातडीला काही होत नसतं हो!’ असं? गायक बॉब मार्लेची कातडी काही दुधासारखी नव्हती. 1977 मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार सापडला. 1981 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

आणि आमचं धैर्य तर विचारूच नका. डॉक्टरांनी तुकडा तपासायला घेऊ म्हटलं, की मामा दोन पावलं मागे: ‘चाकू लागला की पसरतं!’ हा समज निराधार. पण हेच मामा घरी येऊन त्याच तिळावर चुना-सोडा थापतात, वर घोड्याचा केस आवळतात. चाकूनं पसरतं आणि चुन्यानं लाजून पळतं! पार्लरात तर पाच मिनिटांत तीळ जाळून मिळतो. ‘तपासायला पाठवला का?’ असं मी विचारलं. ‘कशाला? राख झाली ना.’ वा! पंचनाम्याआधीच पुरावा भस्मसात.

बरं, घाबरू नका. बहुतेक तीळ निरुपद्रवी. मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस सहज असतात. बघायचं एवढंच: दोन्ही अर्धे भाग सारखे आहेत का? कड वेडीवाकडी, पुसट झालीय का? एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत का? आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का? आणि मुख्य म्हणजे, तो बदलतोय का? खाज, रक्त, न भरणारी जखम, चाळिशीनंतर उगवलेला नवा पाहुणा, एकाच नखात उमटलेली आणि रुंदावत जाणारी काळी रेघ, बाकीच्या गोतावळ्यात न शोभणारा एखादा तीळ: यातलं काहीही दिसलं, की सरळ त्वचारोग विभाग गाठा. कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा कापून काढला की काम संपतं. उशिराची गोष्ट गुरुजींना विचारा, तेव्हा तेही डॉक्टरांचंच नाव सांगतील.

पासपोर्टच्या अर्जात ओळखीची खूण म्हणून आपण तीळ ऐटीत लिहितो. सरकारदरबारी नोंद आहे, मालकाला मात्र तो वाढला की घटला याचा पत्ता नाही. महिन्यातून एकदा तळवे उलटून बघा. मुहूर्त हवाच असेल तर अमावास्या धरा. या कामाला चालते.