आळशी डोळा

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला गेल्या वर्षी उजव्या डोळ्यावर रांजणवाडी आली. डोळा सुजून मिटला आणि तिला फळा दिसेना. डाव्या डोळ्याने तिला नीट दिसतच नव्हतं, हे तेव्हा कळलं. तिलाही आणि आम्हालाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून त्या डोळ्याला मोठा नंबर होता, पण मेंदूने उजव्यावर काम भागवलं. आता चष्मा लावूनही पूर्ण दिसेलच असं नाही. पाच वर्षांची असताना आणायला हवी होती.

पाचव्या वर्षी आणि आता यात एवढा फरक का? त्याचं उत्तर मांजरांनी दिलंय.

१९५८ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टेन वीझल हे दोघे भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत टंगस्टनची अतिबारीक तार सोडून एकेका पेशीचा आवाज लाउडस्पीकरवर ऐकत होते. समोरच्या पडद्यावर ठिपके दाखवले, तरी पेशी गप्प. एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी मशीनगनसारखी कडकडली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट तिरपेपणाची सरकती रेघ हवी होती. इतकी ती चोखंदळ!

पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी मांजराच्या पिल्लांची एकेक पापणी शिवली. काही महिन्यांनी ती उघडली, तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्याच डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर हे घडलं नाही. म्हणजे मेंदू बघायला शिकतो ते ठरावीक वयातच. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन आज लांबवत नाहीत, त्यामागे ही पिल्लं आहेत.

मला हे वाचून बरं वाटलं नाही. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आमच्याकडे लहानपणीच सांगतात. ती बाई निर्दय होती, हे शास्त्रज्ञ तसे नव्हते, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकतो. पण पापणी शिवलेलं पिल्लू डोळ्यांसमोरून जात नाही. मात्र त्या पिल्लांनी शिकवलेलं साठ वर्षांनंतरही आमच्या वर्गापर्यंत पोचलं नाही, याची मला जास्त शरम वाटते. बी.एड.ला बालमानसशास्त्राचे पेपर लिहिले, पण मुलाचा एकेक डोळा वेगळा तपासा, हे कुणी सांगितलं नाही. त्यात अशा डोळ्याला आपण 'आळशी' म्हणतो. वर्गात मागे पडणाऱ्या पोरालाही आपण हाच शब्द लावतो.

यंदा जूनमध्ये मी पहिलीच्या वर्गात गेलो. अक्षरं येत नाहीत, म्हणून पुठ्ठ्यावर तीन काड्यांचा फणा काढला. काड्या कुठे वळल्यात ते बोटांनी दाखवायचं, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. पोरांना खेळच वाटला. एक मुलगा मात्र डावा डोळा झाकला की बोटांच्या फटीतून बघायचा. दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा लक्षात आलं आणि त्याच्या अब्बांना फोन लावला.